केंजीचा ‘गाची’ दोस्त

अरे, ऑफिसातल्या केंजीसोबत पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवली, ते सांगितलं का? बोटीतच त्याने विचारलं, “तू गाची की एन्जॉय?” जपानीत म्हणे छंदात जीव ओतणारा तो गाची, मजेपुरता करणारा तो एन्जॉय.

मी ऐटीत म्हटलं, “गाची!”

पहिल्याच चढावर मी धापा टाकत उतरलो. केंजी हळूच म्हणाला, “एन्जॉयही चांगलंच असतं हं.” एवढा अपमान!

जेवायला त्याने एक केळं काढलं. मी पाठीवरची सॅक उघडली. थालीपीठं, लोणी, दोन ठेचे, दही, थर्मासभर मठ्ठा, वर बडीशेप.

केंजी उठून कमरेत वाकला. “माफ कर. तू गाचीच. फक्त छंद वेगळा.”