पंपशू घातलेला कार्तिकस्वामी

मी मूळची संगमेश्वराकडची. वडील शिंपी, त्यामुळे मशीनवर बसायला मला मुद्दाम कुणी शिकवलं असं नाही. लग्न झालं तेव्हा हे सौदीत होतेच, अल खफजीला, समुद्रातल्या रिगवर मेकॅनिक, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी, आणि घर दम्माममध्ये, कारण इथे इंडियन शाळा, म्हटलं मुलं होतील, जातील शाळेत. मुलं काही झाली नाहीत. शाळेचे युनिफॉर्म मात्र मी इतकी वर्षं शिवतेय, काय सांगू तुम्हाला, अर्ध्या दम्मामच्या पोरांची मापं माझ्या हाताला ठाऊक आहेत.

तर ते चित्र. वरच्या मजल्यावर मिठूदी राहायची, कलकत्त्याची, आमचं बोलणं सगळं हिंदीत. सुट्टीहून येताना आणलंन, म्हणाली रख लो, बस, पुढे काही बोलली नाही. इंग्रजांच्या काळात तिकडे कालीघाटाच्या देवळाबाहेर चित्रं काढून विकायचे म्हणे, त्यातल्याच एकाची नक्कल. मोरावर बसलेला तरणाबांड बाबू, मधोमध भांग, बारीक मिशी, पायात पंपशू, आणि धोतराच्या निऱ्या अशा की शिवणारणीनं बघत राहावं. मी निऱ्यांसाठीच लावलं ते, मशीनसमोर. असेल कुणी हौशी जमीनदार, म्हटलं.

वर्षभरानं मिठूदी आली, चित्राला हात जोडलेन, म्हणाली कार्तिक ठाकूर ने अभी तक सुना नहीं क्या? ठाकूर म्हणजे त्यांच्यात देव. मग सांगितलंन, त्यांच्यात मूल हवं असेल त्या घरात कार्तिक न सांगता नेऊन ठेवतात, मुलगा देतो तो.

म्हणजे हा कार्तिकस्वामी! आमच्याकडे बायकांनी कार्तिकस्वामी बघायचा नाही, बघितला तर सात जन्म वैधव्य. गावात देऊळ आहे त्याचं, पण आम्ही मुली मान खाली घालून जायचो, मग तो दिसतो कसा हे मला कुठून कळणार? आणि वर्षभर मी त्याच्याकडे बघत कॉलरी शिवत होते. हे तेव्हा रिगवर, वाळूचं वादळ सुटलेलं, फोन लागेना. घाबरले, खोटं कशाला बोलू. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

हे आले, धुळीनं माखलेले, पण धडधाकट. म्हणाले ह्याला कसली शिक्षा? सांगितलं सगळं. चित्र सरळ केलंनी आणि म्हणाले, एकीकडे देतो म्हणतात, एकीकडे नेतो म्हणतात, त्याला विचारलंय का कुणी?

त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यानं मूल दिलं नाही आणि ह्यांनाही नेलं नाही. मुलाचं फार वाटायचं मला, आता नाही वाटत.

मिठूदी गेली कलकत्त्याला. आता आमचाही फायनल एक्झिट, कायमचं परत जायचं, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना संपतोय. सामान बांधताना हे म्हणतात, गावी हा भिंतीवर असला तर तुझ्या जावा घरात पाऊल टाकणार नाहीत, इथेच देऊ कुणाला तरी. मी म्हटलं, नाही. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी मान खाली घालावी. हे रिगवर असताना इतकी वर्षं घरात तोच तर होता.

युनिफॉर्मच्या उरलेल्या कापडात गुंडाळून ठेवलाय. बाकी सगळं कार्गोत जाईल, जाऊ दे. हा माझ्याबरोबर बसून येईल.