एकवीस पावलांवरची विहीर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय आबाराव, परंड्याहून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे आण्णासाहेब, आमच्या मुख्याध्यापिका वनमालाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, मांडवाच्या उजव्या अंगाला बसलेल्या माता-भगिनी आणि जागा नाही म्हणून मागं उभे असलेले माझे आजी-माजी विद्यार्थी,

सत्तावीस वर्षांपूर्वी मी तुळजापुराहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन या गावात उतरलो. उद्या सकाळच्या गाडीनं परत निघालो. मधल्या काळात गावानं मला काय दिलं, याची यादी वनमालाबाईंनी मोठ्या मायेनं सांगितली. शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. मी ऋणी आहे.

पण आबाराव, तुम्ही आपल्या भाषणात मला ‘या गावचे भगीरथ’ म्हणालात. तो शब्द मात्र मला घेता येत नाही. माफ करा, आज मी गोड बोलणार नाही. शाळेत मी रागीट म्हणूनच प्रसिद्ध होतो, तर जातानाही तसाच जातो.

हे व्यासपीठामागं कापडाखाली झाकून ठेवलंय ना, त्या फरशीवर काय कोरलंय ते मला काल संध्याकाळी समजलं. ‘विहिरीचे संशोधक – श्री. अंबादास गुरुजी. मार्गदर्शक – श्री. आबाराव.’ समारंभ झाला की आपण सगळे वाजतगाजत यंदाही कोरड्या पडलेल्या तळ्यात उतरणार आणि ती फरशी विहिरीच्या काठाला बसवणार, असं पत्रिकेत छापलंय. म्हणून आत्ताच बोलायला हवं. फरशी एकदा बसली की पुढच्या पिढ्या तेच वाचतील, आणि त्यांना खोटं वाचायला मीच शिकवलेलं असेल.

गेल्या वर्षीचा चैत्र आठवा. तिसरं कोरडं साल. बहात्तरच्या दुष्काळात ज्या तळ्याच्या भिंतीवर तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी दगड वाहिले, त्या तळ्याच्या तळाला माणसं चालत होती. टँकर चौथ्या दिवशी यायचा, आणि आला की बायकांची डोकी फुटायची. तेव्हा आबारावांच्या लक्षात आलं की तळं होण्याआधी खालच्या गल्लीत एक विहीर होती, अठ्ठावन्न-साठच्या सालीही न आटलेली. तळ्यात पाणी भरायच्या आधी तिच्या तोंडावर लोखंडी पत्रा ठोकला होता. ती सापडली तर गाव जगेल. कल्पना त्यांची, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

पण सापडणार कशी? बारा-तेरा वर्षांचा गाळ, त्यावर ओढ्यानं आणून टाकलेली वाळू. नुसता समुद्रकिनारा झाला होता! कोंडिबा म्हणाले इथं, दुसरे म्हणाले तिथं, तिसऱ्यानं तर पार भिंतीच्या पायथ्याशी बोट दाखवलं. मीही बारा वर्षं तिचंच पाणी प्यालो होतो, पण ते घरपोच यायचं, मला जागा कुठली माहीत! तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, ‘विज्ञान कशाला आहे?’ ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून, चाळणीच्या लाकडी कड्याला तांब्याची तार गुंडाळून आम्ही धातू शोधणारी तीन यंत्रं केली. खाली लोखंड आलं की शिट्टीचा सूर बदलायचा. तळ्याच्या वाळूवर खो-खोच्या मैदानासारखी फक्कीनं आखणी केली. साठ माणसं रांगेनं पुढं सरकायची, यंत्रवाला पुढं, खोरंवाले मागं. त्या सकाळी मला जगदीशचंद्रांचा धाकटा भाऊ झाल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या दिवशी काय सापडलं? बैलाचा नाल, गाडीच्या चाकाची धाव, एक फुटका तांब्या. आणि दुपारी निजामाच्या वेळचं एक नाणं.

बस्स! त्या नाण्यानं गावाचं पाणी पळवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून माणसं आली. काठावर भज्याची कढई लागली. रांगा मोडल्या. शिट्टी वाजली की दहा जण त्या जागेवर तुटून पडत. घागर घेऊन उन्हात बसलेल्या बायकांकडं कुणी बघेना. आणि आबाराव, तुम्ही काठावर खुर्ची टाकून ‘ह्या टोकाला लावा, देवळाची जागा इथंच होती’ असं सांगत होतात. देवळाच्या जागी विहीर असते की गुप्तधनाचा हंडा, हे आता तुम्हीच सांगा!

पण सगळा राग तुमच्यावर काढणं सोपं आहे. मलाही मजा येत होती. मी हेडफोन कानाला लावून चालत होतो, पोरं ‘गुरुजी, गुरुजी’ करत मागं पळत होती, आणि विहीर हा विषय माझ्याही डोक्यातून दोन दिवस निघून गेला होता. तहानलेल्या गावात मी खेळत होतो.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला एक बाई माझ्या आडवी आली. मालनबाई. पाहुण्यांसाठी सांगतो, आपल्या बौद्ध वस्तीत राहतात, साठीच्या पुढं वय, तळ्याच्या कामावर खडी फोडलेले हात. काखेला पितळी घागर. म्हणाल्या,

‘गुरुजी, हितं न्हाय हीर. तिकडं हाय, त्या खोडाच्या अंगाला.’

माझ्या यंत्रात घागरीमुळं शिट्टी ओरडायला लागली. मी चिडलो. मी काय बोललो ते मला शब्दान् शब्द आठवतंय. मी म्हणालो, ‘बाई, लांब उभ्या राहा. जवळ येऊ नका.’

त्या थबकल्या. माझ्याकडं बघून हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं.

‘लांबच हुबी व्हते की गुरुजी. ल्हानपणापासनं. म्हनून तर ठावं हाय.’

अध्यक्षमहाराज, मला चिठ्ठी मिळाली. ‘आटोपतं घ्या’ असं लिहिलंय. मी सत्तावीस वर्षं घंटेवर तास संपवला, आज एक तास घंटेनंतर चालेल.

मी यंत्र बंद केलं आणि विचारलं, ‘म्हणजे कसं?’

त्या मला त्या खोडापाशी घेऊन गेल्या. तिथं वाळूतून एका सपाट दगडाची कड वर आली होती. म्हणाल्या, ‘ह्यो आमचा दगूड. ह्याच्या म्होरं पाय टाकायचा न्हाय आमी. हितं घागर ठिवायची अन् कुनाला दया येतीया त्याची वाट बघायची. कवा कवा दुपार व्हायची. मग एखादी बाई यायची वरनं पानी घालाया. हिरीपास्नं हितवर एकवीस पावलं. म्या मोजायची. निम्म्यातनं माघारी फिरली तर? म्हनून एक एक पाऊल मोजायची.’

मग उगवतीला तोंड करून त्या चालायला लागल्या. मी मागं. एकविसाव्या पावलाला थांबल्या. मी यंत्र सुरू केलं. शिट्टी अशी किंचाळली की मला हेडफोन कानावरून काढावा लागला.

दीड हातावर पत्रा लागला. पत्र्याखाली दोन माणूस खोल पाणी होतं.

या गावातल्या ज्या शहाण्यांनी त्या विहिरीवर जन्मभर पाणी भरलं, त्यांना ती कुठं होती हे आठवलं नाही. जिला तिच्या काठावर कधी पाय ठेवू दिला नाही, तिला ती पावलांनिशी पाठ होती. तिला विचारायला कुणी गेलं होतं का? साठ माणसं, तीन यंत्रं, आणि एकालाही सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नारळ फुटला. फोटोवाला आला. कुणीतरी म्हणालं, ‘बाई, जरा बाजूला व्हा, गुरुजींना पुढं येऊ द्या.’ आणि गुरुजी पुढं आले! तो फोटो शाळेच्या ऑफिसात लावलाय. नीट बघा, डाव्या कडेला अर्धी घागर दिसते. बाई दिसत नाहीत.

आणि चौथ्या दिवशी विहिरीवर रांगेचा नियम झाला. गाव सकाळी भरेल, वस्तीनं दुपारनंतर यावं. कारण काय, तर ‘गर्दी होते’. हे एकोणीसशे सत्त्याऐंशी सालातलं, आबाराव! आपल्या सोसायटीच्या दारावर ‘एकमेकां सहाय्य करू’ असं निळ्या रंगात लिहिलंय. दुपारी त्या विहिरीत गाळाशिवाय काय उरत होतं?

मालनबाई शाळेत आल्या. म्हणाल्या, ‘गुरुजी, तुमचा शबुद चालतोय. येवढं बोला.’ मी म्हणालो, ‘बोलतो.’ बोललो नाही. शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे घालायचं काम सोसायटीकडं होतं, तुमचं मन मोडायला नको, अशी मी माझी समजूत घातली. माणूस भ्यायला की त्याला कारणं फार चांगली सुचतात.

त्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी त्या स्वतःच निघाल्या. मागं वस्तीतल्या अकरा बायका, जाईबाई, पुतळाबाई, सगळ्या. स्वतःचा दोर, स्वतःची बादली. काठावर चार गडी आडवे उभे राहिले. मी शाळेच्या ओट्यावरून सगळं बघत होतो. मालनबाईंचा आवाज वरपर्यंत येत होता.

‘हीर म्या दावली. आता मलाच दुपार दावता व्हय? सरका. न्हाय सरकायचं तर ढकला मला आत, म्हंजी गाव बी पेयाचं न्हाय हे पानी.’

गडी सरकले. मालनबाईंनी बादली सोडली. त्या दिवसापासून विहिरीवर एकच रांग आहे, येईल त्याला नंबर. हे आपण केलं नाही. चेअरमननी नाही, विज्ञानानं तर नाहीच नाही. ते त्या बारा बायकांनी केलं, आणि मी ओट्यावरून एक पायरीसुद्धा खाली उतरलो नाही.

काल फरशीचं कळल्यावर मी वस्तीत गेलो. म्हणालो, ‘तुम्ही कार्यक्रमाला या, मी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेणार आहे.’ त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘माजं कवतिक नका करू गुरुजी. त्या दिशी तुमी खाली का उतरला न्हाय, तेवढं सांगा.’

मी उठून आलो. त्या आज आलेल्या नाहीत, आणि त्यांनी यावं असं आपण काही केलेलंही नाही.

तेव्हा एकच मागणं. ती फरशी पालथी घाला, धुण्याला उपयोगी पडेल. माझं नाव वर ठेवून ती काठावर बसवलीत, तर उद्याची गाडी मी सोडेन आणि छिन्नी घेऊन तिथं बसेन. हे मी व्यासपीठावरून, पाहुण्यांच्या साक्षीनं सांगतोय.

अध्यक्षांनी चिठ्ठी देऊनही मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. पाहुण्यांना घरगुती भांडण ऐकावं लागलं, त्यांचेही आभार. वनमालाबाई, माझी मुलं तुमच्या हवाली करतो. सत्तावीस वर्षांत कुणाला छडी जोरात लागली असेल, कुणाला कमी-जास्त बोललो असेन, आज कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते आपण पोटात घालावं. ओट्यावर उभा राहिलो ते मात्र पोटात घालू नका. ते माफ करायचा अधिकार या मांडवात बसलेल्या कुणाकडंही नाही.

नमस्कार.