‘तार आणलीय!’

— आज पुन्ना आला व्हय? मग बसा की खाली, सायेब. घोंगड्यावर बसा, इजार मळंल म्हणून बगळ्यासारखं उभं ऱ्हाऊ नगा. तुमचा तो आभाळातला गोळा काय पळून जात न्हाय. — काय? बॅटरी सपली की मुका हुतो? मग व्हऊ द्या की! रशियावाल्यांनी सोडला, त्यास्नी कान न्हाईत व्हय? वालचंदनगरात रेडिवोत इजेचा खरखराट म्हणून तुमी हितं शेळगावात आला — हितं ईजच न्हाय म्हणून! ईज न्हाय याचं कौतिक करनारा पैला शाना तुमीच.

अन् ती तार तरी कसली? पंधरा हात, बोटभर कमी न्हाय का जास्ती न्हाय. नवरदेवाचा अंगरखा बी शिंप्यानं इतका मापला नसंल. मधी चिनीमातीचा लट्टू, एक तार उगवती-मावळती, दुसरी तिच्यावर आडवी — का? तर गोळा कोलांट्या खात जातो, त्याचा आवाज कसा बी आला तरी घावावा. आमचा बोकड बी कोलांट्या खातो, त्याचं वरडनं बिगरतारंचं ऐकू येतं.

तरी बी बांधा म्हणलं असतं मी. पर काल दारातनं काय वरडला तुमी? ‘आबा, तार आणलीय!’ — ज्याचा पोरगा सोपान पल्टनीत, आसामाकडं, त्याच्या दारात हे बोलायचं? खेड्यात तार कशाची येती, ठाव न्हाय? बारशाची येती? म्हातारीनं थेट छाती बडवाया घेतली, शेजारची छबूबाई तिच्या गळ्यात, सारी आळी गोळा, कुणी तर सुतकाच्या आंगुळीचं पानी बी तापत ठेवलं — अन् तुमी मधी उभं, तांब्याचं भेंडोळं खांद्यावर, ‘अँटेना, अँटेना’ करत! तो शबूद कुणाच्या बापानं ऐकलाय?

मी? मी गोठ्यात हुतो. बैलास्नी वैरण टाकाया. — बैलं रानात हुती? असतील. मग? रिकाम्या गोठ्यात मानसानं जाऊ नये असा कायदा हाय का?

कालपासनं चूल पेटली न्हाय घरात. समजावलं, अगं रेडिवोची हाय, नुसती तार. पर तिचं एकच — ही घरावर चढली की मागनं खरी येती. आषाढापासनं पोराचा सांगावा न्हाय, कोन काय समजावनार तिला?

तो गोळा आसामावरनं जातो म्हणं? जातो? मग तितलं काय दिसतं त्याला? — काय बी न्हाय? नुसतं पी-पी? एवढं वर चढून नुसतं पी-पी!

बांधा. घरावर न्हाय — हिरीवरल्या दोन बाभळींना. उंच हाईत, बास झालं. आवाज आला तर म्हातारीला एकडाव ऐकवा, ह्या तारंत काय असतं ते कळंल तिला, दोन घास खाईल. अन् हे बघा, वाटंत पोष्टमन गाठ पडतो न्हवं तुमाला? माझ्या नावचं काय असलं तर तुमीच घ्या, तितंच वाचा. बरं असलं तर पळत येऊन तिला सांगा. अन् न्हायतर —

जावा, सायेब. बाभळी तिकडं हाईत. जावा म्हणतो न्हवं!