धानोऱ्याचा कॅप्टन

आमच्या फुटबॉलच्या सरांना तुम्ही ओळखताच. आधी कॉलेजच्या मैदानावर पोरं पळवली, मग कुलगुरू होऊन प्राध्यापक पळवले, आणि आता आमदारकीला उभे राहिले. जीभ मात्र कोचचीच राहिली, मनात येईल ते सरळ बोलणारी. मी मिरचीचा व्यापारी, गावोगावी ओळखी, म्हणून प्रचाराला मला सोबत घेतलं.

धानोऱ्यात दिलीपकडे गेलो. हा सरांचा जुना खेळाडू, आणि त्याच्या शब्दावर अख्खी गल्ली मत देते. वाटेत मी तीनदा बजावलं होतं, "सर, फक्त गोड बोला."

दिलीपने ओट्यावर बसवलं आणि सुरुवातच केली, "सर, तीन वरीस तुम्ही मले बाकवर बसाडं. एक दिन मैदानमां उतारं नही. आते मत कसाले देऊ?"

मी सरांच्या पायावर पाय दिला. पण सर म्हणाले, "तुन्हा डावा पाय चालेच नही रे. तुले उतारं असतं तर आपण हारी जातूत."

मी मनात म्हटलं, गेली गल्ली.

दिलीप आपल्या डाव्या पायाकडे बघून हसला. हळूच म्हणाला, "खरं शे, सर. मत तुमलेच. पण हाई घरमां सांगू नका. बायको मले कॅप्टन समजस."

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. सरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, असा कॅप्टन मले परत भेटना नही."

गाडीत बसताना मी हात जोडले. म्हटलं, "सर, आज तुम्ही राजकारणात आलात."