निळ्या दोरीचं गाठोडं

हॅलो? … हॅलो, नागपूर? … कांताताई, मी श्रीपत. लखनौहून… नाही गं, कुणी गेलं नाही. म्हणजे गेले, दोघं गेले, पण आपल्या घरातलं कुणी नाही. बाबा ठीक आहेत… शपथ. आज थट्टा नाही.

अगं ऐक ना. ट्रंक कॉल आहे.

बाबांनी मला मारलं. … कानाखाली. आज दुपारी, दुकानासमोर. शेहेचाळीस वर्षांचा घोडा मी, आणि समोरचा पानवाला 'अरे भैया' म्हणत हातात पान धरून तसाच बसला… हसतेस काय?

काल अंत्यविधीच्या सामानाची अदलाबदल झाली. … हो, गाठोड्यांची. रेल्वेतल्या दामले इंजिनियरांची आई गेली आणि टपालातल्या आपल्या रामटेक्यांचे वडील. एकाच सकाळी. दामल्यांनी घाटावर गाठोडं सोडलं, तर आत मेणबत्त्या आणि बुद्धाचा फोटो. … हो ना. आणि रामटेक्यांकडे मडकं, तुळस, तीळ. भंतेजी वंदना म्हणता म्हणता थांबले. रामटेके काकू तर… जाऊ दे.

सव्वीस वर्षं गं. अठ्ठावन्न साली दुकान काढलं बाबांनी, इथे आपल्या रीतीनं नेणारं कुणी नव्हतं म्हणून. मग हिंदू मराठी घरंही यायला लागली. त्यांच्या गाठोड्याला लाल दोरी, आपल्या गाठोड्याला निळी. बांधणार फक्त बाबा. एकदा चूक नाही.

मी? … तूपण? सगळी महानगर कॉलनी तेच म्हणतेय. … हो, तिरडीवर पडून दूधवाल्याला किती वाजले विचारलं होतं, कबूल. बिचारा सायकल टाकून पळाला. पण हे मी नाही केलं, ताई. गेलेल्या माणसाशी मी कधी… नाही.

तेच सांगतोय ना. आज सकाळी म्हटलं, बाबा, जरा निळी दोरी द्या. त्यांनी लाल दिली. मला वाटलं, वा, म्हातारा थट्टा शिकला. पुन्हा मागितली. त्यांनी दोन्ही रिळं खिडकीशी नेली, डोळ्यांना लावली… आणि परत लालच दिली. … मग फळीवरची गाठोडी सोडून पाहिली. निम्मी चुकलेली. … मोतीबिंदू असेल, मी काय डॉक्टर आहे? दोन्ही दोऱ्या काळ्याच दिसत असणार त्यांना.

दुपारी दामले आणि रामटेके दोघंही दुकानात आले. बाबा फळीवरचं एकेक गाठोडं डोळ्यांशी धरून पाहायला लागले. मी म्हटलं, मीच बदलली गाठोडी, गंमत म्हणून. … हो, म्हणालो. मग ती कानाखाली. यार, माझं काय जातं? माझ्यावर लगेच विश्वास बसतो लोकांचा.

सांगू म्हणतेस? कसं सांगू? … त्यांना कळलं की आपल्याच हातून रामटेक्यांच्या वडिलांना मडकं गेलं, तर पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाहीत ते. घरी बसले की संपले… नाही. ते जेवायला गेले की मी दोऱ्या बदलत जाईन. तू असं कर, नातीच्या बारशाला म्हणून नागपूरला बोलाव, आणि तिथेच डोळे…

क्या बहनजी? तीन मिनट हो गये? और तीन दे दीजिये, मेहरबानी… हं, ताई? आहेस ना?

थांब.

… बाबा? … कधीपासून उभे आहात?

… अहो, मीच केलं. दुपारी सांगितलं ना… ताई, ते चपला शोधताहेत. आधी रामटेक्यांकडे जायचं म्हणतात, मग दामल्यांकडे. … 'तू तोंड उघडायचं नाहीस, मी सांगतो', असं म्हणतात. … बाबा, ऐका ना… ताई, एकटेच निघाले, ठेवतो मी…

बाबा, रिक्षा येतेय. थांबा. हात धरा माझा.