वॉर्डाच्या दारात

भार्गवी : बाबा, कपाट दोनदा रिकामं केलं मी. पासपोर्ट तुम्हीच घेतलाय.

श्रीकांत : हो, घेतलाय. खामखां शोधू नकोस.

भार्गवी : बारा वाजता नानाखेडा स्टँडवरून इंदूरची बस आहे. संध्याकाळी विमान.

श्रीकांत : जाऊ दे ती बस. लोकांच्या युद्धात परत जायचं नाही. दवाखान्याच्या छतावर केवढं लाल चिन्ह रंगवलं होतं! तरी तोफगोळा पडलाच ना? तुझ्याबरोबरची नर्स, मीरा, गेली ना?

भार्गवी : गेली.

श्रीकांत : आणि म्हणे डॉक्टर-नर्सला हात लावायचा नाही, असा कायदा आहे!

भार्गवी : आहेच. मोडला त्यांनी.

श्रीकांत : आल्यापासून भांडं पडलं तरी दचकतेस. धड जेवत नाहीस. झालं काय तिथे, ते तरी सांग.

भार्गवी : गोळा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी एक जखमी सैनिक आणला. गोळा टाकणाऱ्यांच्याच बाजूचा. पोटात छर्रे. वीसेक वर्षांचा असेल.

श्रीकांत : त्याला औषधपाणी केलंस तू?

भार्गवी : जखमी होऊन पडला, हातात बंदूक उरली नाही, की तो पेशंट. त्यालाही आमच्याइतकंच जपायचं. पाठ होतं मला हे. पण मीराचं रक्त अजून माझ्या बुटांवर होतं, बाबा. सलाईन लावताना मी मुद्दाम वेळ काढला. पाच मिनिटं तरी. तो बघत होता माझ्याकडे. कळलं होतं त्याला.

श्रीकांत : भार्गवी...

भार्गवी : तेवढ्यात गावातली माणसं आली, त्याला बाहेर ओढायला. पुढे एक म्हातारा, हातात लोखंडी गज. त्याची मुलगी त्याच गोळ्याने मेली होती. मी दार अडवलं.

श्रीकांत : एकटीने? पागल झालीस का?

भार्गवी : दुभाष्याला बोलायला सुचेना. मी हिंदीतच ओरडले, ‘नहीं ले जाने दूँगी!’ भाषा येत नव्हती, तरी समजलं त्यांना. एकाने ढकललं, भिंतीवर आदळले.

श्रीकांत : म्हणजे खांदा त्याने दुखतोय. आईला सांगितलंस, बॅग उचलताना लचकला.

भार्गवी : म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत विचारलं, माझ्या मुलीसाठी अशीच उभी राहिली असतीस? मी हो म्हटलं. मग तो तिथेच फरशीवर बसला. रडत राहिला. बाकीचे हळूहळू निघून गेले.

श्रीकांत : ...पासपोर्ट देवघरात आहे. पोथीखाली.

भार्गवी : बाबा...

श्रीकांत : तो पोरगा वाचला का?

भार्गवी : वाचला. युद्धात पकडलेल्या कैद्याला घरी कार्ड पाठवता येतं, जिवंत आहे म्हणून. त्याला उठून बसता येत नव्हतं. मी कार्ड धरलं, दुभाष्याने पत्ता लिहिला.

श्रीकांत : त्याच्या आईला मिळालं?

भार्गवी : माहीत नाही. मी निघेपर्यंत उत्तर नव्हतं आलं.

श्रीकांत : पोचलीस की आधी ते विचार. आणि मला कळव.