शालनबाईची गिरणी आणि सातच्या बातम्या

न्हाई रहिमानभाई, ती काचंची नळी आधी त्या फळीवर ठेवा — हळू, पिठात पडंल — आन मंग मला सांगा, चावडीतल्या रेडिओला ती बसवाया सांगितली कुनी? बबनरावांनी. सरपंच हायेत, सांगनारच. रेडिओ पंचायतीचा, चावडी पंचायतीची, भिंतीअलीकडची गिरणी तेवढी ह्या शालनबाईची. व्हय, म्या पट्टा चढवला की सगळ्या आळीचे दिवे तोंड पाडत्यात, मला म्हाईत हाय. वीज खाली गेली की रेडिओ आपली जागा सोडतो — तुमीच सांगितलं न्हवं परवा? — आन दिल्लीच्या मराठी बातम्या चालल्या असताना शेजारचं सिलोन लागतं. बबनराव मिशीला पीळ देत पंचवार्षिक योजना ऐकत्यात, आन मधीच कुनीतरी बाई साजनाला हाका माराया लागते! आता ह्यात माझा काय दोष? दळन आलं की दळावं लागतं.

हसता कशाला? सातलाच दळन कसं येतं म्हनता? येतं. बाया रानातनं आल्यावर मोकळ्या व्हत्यात, म्हून येतं. — बरं, खरं सांगते, पन कुनापाशी बोलायचं न्हाई. काल दळन न्हवतंच. कोंडाच फिरवला दोन डाव. काय करू? धा-बारा बाया भिंतीला टेकून बसलेल्या, चावडीत बायांनी बसायचं न्हाई, मंग ऐकायचं कुठं? पैल्यांदा आपसूक झालं हो, आईच्यान. आमचे हे गेल्यापास्नं चार वर्सं माझ्या तोंडात ववी न्हवती. गिरणीवाल्या बाईला कसली ववी! आन त्या दिवशी भिंतीपलीकडनं ते गानं आलं, आन कुनीतरी गुनगुनाया लागलं. म्या मागं वळून बघितलं, कोन गातंय म्हून — तर मीच. लई बरं वाटलं, भाऊ. रडू बी आलं. आन तुमी ती नळी घेऊन आलात.

खडकीच्या लष्करी भंगारातनं आनली? जांभळी पेटती व्हय? दिसाया चांगली हाय मेली. पन परत सांगा — वीज वर जाऊ दे न्हाई तर खाली, ही फुडं दीडशे व्होल्ट म्हंजे दीडशेच सोडनार? जादाचं आपल्या अंगावर घेनार? म्हंजे आमच्या मोटंच्या थारोळ्यावानीच की! मोट कवा धबाधबा वतती, कवा कमी, पन थारोळं काठोकाठ भरलेलं, जादाचं पानी सांडव्यातनं जातं आन पाटाला येकसारखी धार. कळलं, कळलं. मंग रेडिओ लावला तिथंच ऱ्हानार, गिरणी कितीबी फिरू दे? दिल्लीला लावला तर दिल्लीलाच.

थांबा. — आन सिलोनला लावला तर?

असं डोळं फाडून बघू नका. रेडिओच्या सुईचा कान तुमच्याबिगर कुनाला पिळता येतो हितं? बबनरावांनी एकदा पिळला तर चार दिवस नुसतं मेंढरू वरडत हुतं. त्यांना सांगा, नवी नळी हाय, गिलाव्यागत आठ दिवस मुरू द्यावी लागती, तवर हात लावायचा न्हाई. आठ दिसात सरपंचच मान डोलवाया लागतील, बघा. — इमान? तुमच्या इमानाला काय धक्का लागतोय? त्यांनी नळी बसवाया सांगितली, तुमी नळीच बसवताय. सुई कुठं ठेवायची ते कुठं सांगितलंय? आन मला कोंडा तरी किती दिस दळाया लावता?

गप. वहाना वाजल्या. — या या बबनराव! मिस्त्री म्हनत्यात, नळी बसवलीच पायजे. म्या कशाला आडवी यीन गावच्या कामाला? व्हा तुमी फुडं चावडीत. — निघा रहिमानभाई, सात वाजत आलं. तुमचा दळनाचा डबा ऱ्हाऊ द्या हितंच. पीठ तुमच्या घरच्या गौहरवहिनीच घेऊन येतील — रोजच्यावानी, गानी झाल्यावर.